हिल्काची साखर का वाढली

हिल्का चोरून खाते, असं उत्तरेकडच्या आमच्या अख्ख्या कुहमो गावानं ज्या हिवाळ्यात ठरवून टाकलं, त्या हिवाळ्यात तिनं नाताळचा गोड पावसुद्धा तोंडात घातला नव्हता. हे मी छातीठोकपणे सांगते. शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी वीस वर्षं एकाच ओट्याशी राबलो. तिच्या तोंडात काय जातं आणि काय नाही, हे मला गावापेक्षा जास्त माहीत. पण माझं ऐकतंय कोण? माणूस जाडजूड असला, स्वयंपाकघरात कामाला असला आणि त्याची साखर वाढली, की लोकांना पुढचं काही विचारावंच लागत नाही.

तिला डायबेटिस झाला नवव्या वर्षी. आमच्याकडे पोरांना हा आजार फार. वर्गात एखादं तरी टोचून घेणारं मूल असतंच, त्याचं कुणाला नवल नाही. पण हिल्का लहान होती तेव्हा काचेची सिरिंज पातेल्यात उकळावी लागायची, आई बटाटे तोलून वाढायची आणि घरातल्या प्रत्येकाचा डोळा हिच्या ताटावर. साखरेच्या डब्यातला एखादा खडा कमी दिसला की आत्या आधी हिच्या फ्रॉकचे खिसे उलटे करायची. खडा आजोबांनी कॉफीबरोबर चघळलेला असायचा. ते कबूल करायचे, सगळे हसायचे, पण खिसे तपासल्याबद्दल हिची माफी कुणी मागितली नाही. डॉक्टरनं आईला सांगितलं होतं, पोरगी चाळिशी बघायची नाही. हिनं पन्नाशी गाठली, डोळे शाबूत, पाय शाबूत. हिवाळ्यात तळ्यातला बर्फ फोडून केलेल्या भोकात डुबकी मारून यायची आणि वर मलाच म्हणायची, "राइली, तू नुसती काठावर उभी राहून कुडकुडतेस कशाला गं, म्हातारे?" मी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे.

तौनोशी लग्न का केलंस, असं मी तिला एकदा विचारलं होतं. कारण तौनो म्हणजे बर्फ काढायचा ट्रक चालवणारा, बोलायला महाग माणूस. ती म्हणाली, "नाचायला घेऊन गेला. नंतर कॉफी प्यायलो. तेवढ्या वेळात त्यानं एकदाही माझ्या ताटलीत डोकावून बघितलं नाही. असा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला." बस, एवढंच कारण. मला तेव्हा हसू आलं होतं.

आणि तौनो खरंच तसा होता. खोटं कशाला बोलू. झोपेत तिची साखर पडली, अंगाला घाम फुटला, की तिच्या आधी त्याला जाग यायची. उठून ग्लासभर रस आणून द्यायचा, परत झोपायचा, सकाळी त्याचा उल्लेखसुद्धा नाही. तीस वर्षं त्यानं हे केलं. म्हणून तर माझा राग जात नाही.

आता मला जे नंतर कळलं ते मी आधीच सांगून टाकते. लपवाछपवी करून गोष्ट रंगवायची मला हौस नाही, आणि या गोष्टीत लपवाछपवी आधीच पुष्कळ झाली आहे.

त्यांच्या फ्रिजचा वरचा कप्पा हिल्काच्या इन्सुलिनचा. तीन महिन्यांचा साठा तिथं रचून ठेवलेला असायचा आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, असा घरचा कायदा. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी कबरस्तानात गेलो होतो, आपापल्या आयांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायला. घरी तौनो एकटा. भट्टीतून डुकराची अख्खी मांडी बाहेर निघालेली, गाजराच्या आणि सलगमाच्या भाजलेल्या लगद्याची भांडी, मुरवलेला मासा, आणि फ्रिजमध्ये बोट शिरायला जागा नाही. आमच्याकडे अशा वेळी सगळेच करतात ते त्यानं केलं. जे जास्त झालं ते बाहेरच्या पडवीत नेऊन ठेवलं. सगळ्या गावाची पडवी नाताळात फ्रिजच असते. फक्त त्यानं मांडी फ्रिजमध्ये ठेवली आणि इन्सुलिनच्या पेट्या पडवीत. मनाशी म्हणाला, याला थंडच तर लागतं. तासाभरानं परत आत घेऊ.

मग सौना झाला, म्हणजे लाकडी खोलीतलं वाफेचं स्नान, जेवण झालं, गाणी झाली, आणि पेट्या राहिल्या बाहेर. पारा उतरला उणे अठ्ठावीसवर. सकाळी हिल्का झोपलेली असताना त्याला आठवलं. बघतो तर आतलं सगळं पांढरं, घट्ट. त्यानं काय करावं? तिला उठवावं, शिव्या खाव्यात आणि मोकळं व्हावं. नाही. पेट्या सौनात नेल्या, आदल्या दिवशीच्या उबेत फळीवर ठेवल्या आणि दार लावून घेतलं. वितळल्यावर पाण्यासारखं दिसायला लागलं, तसं परत वरच्या कप्प्यात जसंच्या तसं रचून ठेवलं.

इन्सुलिन एकदा गोठलं की संपलं. दिसायला तसंच दिसतं, अंगात गेलं की कधी निम्मंशिम्मं काम करतं, कधी तेवढंही नाही. हे हिल्काला पाठ होतं. तौनोलाही ठाऊक होतं, निदान अर्धवट तरी. पण त्यानं स्वतःला सांगितलं की वितळलं म्हणजे झालं.

हातातलं इन्सुलिन टोचायचं पेन आधीचं, चांगलं होतं, ते जानेवारीच्या मध्यात नाताळची झाडं घराबाहेर पडेपर्यंत पुरलं. त्यामुळे हिल्काच्या डोक्यात नाताळ आणि पुढचं सगळं याची सांगड कधी बसलीच नाही. तिनं कप्प्यातलं नवं पेन काढलं आणि साखर चढायला लागली. आमच्या मशीनवर सहा-सात आकडा आला की माणूस निवांत असतो, दहाच्या पुढे गेला की कपाळाला आठी. हिल्काला सतरा येत होते. मग एकोणीस. मग एकवीस.

तिनं काय केलं नाही? पाव बंद केला. बटाटा बंद केला, आणि आमच्याकडे बटाटा बंद करणं म्हणजे जेवणच बंद करण्यासारखं. सुई पोटावरून मांडीवर नेली. बर्फावरच्या स्की पायाला बांधून तळ्याला फेऱ्या मारल्या, घसा कोरडा पडून जीभ टाळूला चिकटेपर्यंत. सर्दी आहे का, दाताला पू झालाय का, सगळं तपासून घेतलं. डोस वाढवला, परत वाढवला, शेवटी दुपटीवर गेली. नवं पेन काढून बघितलं, ते टाकून आणखी एक काढलं. सगळी त्याच कप्प्यातली. आकडा जागचा हलेना.

"राइली, माझं शरीर माझ्यावर उलटलंय गं," ती मला एकदा गाजरं सोलता सोलता म्हणाली. "चाळीस वर्षं मी याला सांभाळलं, आणि आता हे माझं ऐकेनासं झालंय." तिचे कपडे ढगळ झाले होते. दर थोड्या वेळानं संडासला पळायची, परत येऊन नळाखाली ग्लास धरायची. मोठ्या पातेल्यावरचे आकडे तिला धूसर दिसायला लागले होते, ते मी तिला वाचून दाखवायचे. डोळ्यांची तिला फार भीती. तिच्याबरोबर लहानपणी दवाखान्यात असणारी एक मैत्रीण आंधळी होऊन गेली होती.

आणि लोकांच्या जिभा सुटल्या होत्याच. शाळेजवळच्या दुकानातली बाई मला म्हणाली, "नाताळची चॉकलेटं संपली का गं तुझ्या मैत्रिणीची?" मी म्हटलं, "तुझी संपली असतील तर माझ्याकडची पाठवते, तोंडात कोंबायला." त्यानंतर बाई माझ्याशी बोलत नाही, त्याचं मला काही वाटत नाही.

आरोग्य केंद्रात डायबेटिसची नर्स आहे, मेर्वी. बाई चांगली. तिनं हिल्काला बोलावलं आणि तौनोलाही बरोबर आणायला सांगितलं. तिथं काय झालं ते हिल्कानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मेर्वीनं एकेक कारण काढून बघितलं आणि मग विचारलं, "इन्सुलिन कुठं तापलं नाही ना? गोठलं-बिठलं?"

हिल्का हसली. म्हणाली, "मेर्वी, मला नऊ वर्षांची असल्यापासून हे शिकवलंय. मी विसरून गाडीत ठेवेन, असं वाटतं तुला? आमच्या फ्रिजला हात लावायची हिंमत याची सुद्धा नाही. विचार त्याला."

मेर्वीनं तौनोकडे बघितलं. तो भिंतीवरच्या पायांच्या निगेच्या चित्राकडे बघत होता. "काही नाही झालं तसं," तो म्हणाला.

मग मेर्वीनं फार सांभाळून, फार गोड आवाजात विचारलं, की कधी कधी माणूस थकल्यावर खातो आणि त्याला आठवत नाही, असं तर होत नसेल ना. हिल्का म्हणाली, त्या गोड आवाजापेक्षा आत्यानं खिसे उलटे केलेले बरे होते.

पण तो किडा तिच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे कॉफीला गेले होते. तिघंच होतो. तिनं कप खाली ठेवला आणि नवऱ्याला सरळ विचारलं, "तौनो, खरं सांग. मी झोपेत उठून खाते का रे?"

मी त्याच्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांदेखत झालेली गोष्ट आहे ही. त्यानं चमचा ढवळला. साखर घालत नाही तो कॉफीत, तरी ढवळला. आणि म्हणाला, "असेल बाई. मला कुठं प्रत्येक वेळी जाग येते."

"तुला तर नेहमी जाग येते."

"आता वय झालं माझं."

तिनं एकदा कोठीच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "मग असं कर. कोठीच्या दाराला कुलूप घाल आणि किल्ली तुझ्याजवळ ठेव."

मी म्हटलं, "हिल्का, वेड लागलंय का तुला? तू खात नाहीस." ती म्हणाली, "मला तरी काय माहीत राइली, आता." आणि त्या माणसानं काय करावं? उठला. गॅरेजमधून ड्रिल आणलं. आमच्यासमोर कोठीच्या दाराला कडी बसवली, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. मी कॉफी तशीच सोडून निघाले, कारण तिथं बसले असते तर काहीतरी वाईट बोलले असते. त्यावेळी मला नुसती त्याची मठ्ठाई दिसली होती. खरं काय ते माहीत असतं तर ड्रिल त्याच्याच डोक्यावर चालवलं असतं.

हिल्कानं मेर्वीला फोन करून कळवलं, की मीच खात असणार, माझ्या फायलीत तसं लिही. चाळीस वर्षं जी गोष्ट तिनं कधी केली नाही, ती तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केली.

हे ऐकल्यावर बहुतेक तौनोला ते सोसवेना. पण तोंड उघडवेना, हे मात्र तसंच. त्यानं वेगळा मार्ग काढला. औषधाच्या दुकानात जाऊन सांगितलं, की घरातल्या पेट्या पडून फुटल्या. तिथले लोक त्याला ओळखतात, दिल्या नव्या. घरी येऊन त्यानं गुपचूप जुन्या पेट्या उचलल्या, नव्या तशाच रचल्या. तिच्या पर्समधलं पेनसुद्धा बदललं. आता साखर आपोआप उतरेल, हिला वाटेल आपला आजार सरळ झाला, आणि विषय संपेल, असा त्याचा हिशोब. एक गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही. ती पाण्यासारख्या औषधाचे दुप्पट डोस घेत होती. आता तेच दुप्पट डोस ती चांगल्या औषधाचे घेणार होती.

गुरुवार होता. गुरुवारी शाळेत वाटाण्याचं सूप आणि भट्टीतला पॅनकेक असतो, ते आमच्याकडे ठरलेलंच. हिल्का सूप ढवळत होती. मी पॅनकेकचे तवे बाहेर काढत होते. तिनं मीठ घातलं. परत घातलं. मी म्हटलं, "अगं, घातलंस की." ती माझ्याकडे बघून हसली, पण ते हसू मला ओळखीचं वाटलं नाही. कपाळावरून घाम ओघळत होता, ओठ पांढरे.

साखर पडल्यावर ती कशी दिसते ते मला माहीत होतं. पण त्या हिवाळ्यात तिची साखर खाली येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, त्यामुळे दोन क्षण मी नुसती उभी राहिले. मग जॅमची बरणी ओढली आणि चमचा तिच्या तोंडाशी नेला.

तिनं दात घट्ट आवळले.

"खा गं, हिल्का. साखर पडलीय तुझी."

"मी नाही खात," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "मी खाल्लं नाही. तुम्ही सगळे बघताय."

"कुणी बघत नाहीये. तोंड उघड."

तिनं माझा हात झटकला. चमचा लांब जाऊन पडला. तिच्या अंगात तेव्हा केवढी ताकद होती काय सांगू. मी तिचं डोकं धरून विनवण्या करत होते आणि ती दातांच्या फटीतून एकच म्हणत होती, मी नाही खाल्लं, मी नाही खाल्लं. ज्या चमचाभर जॅमनं ती वाचणार होती, तो चमचा तिला आळ वाटत होता. मग ती खाली बसली, बसली ती आडवी झाली. मी तिला कुशीवर वळवलं, बोटानं गालाच्या आत जॅम चोळत राहिले आणि ओरडून अँब्युलन्स बोलवायला लावली. ते आले तेव्हा मशीनवर आकडा होता एक पॉइंट तीन. त्यांनी शिरेत साखर सोडली आणि तिनं डोळे उघडले.

दुपारी आरोग्य केंद्राच्या वॉर्डात मी तिच्या उशाशी होते. मेर्वी धावत आली होती, तिला काही उलगडेना. "परवा अठरा होते. आज हे. हिल्का, टोचलंस किती?" हिल्कानं डोस सांगितला, रोजचाच. मेर्वी म्हणाली, "हे औषध अचानक काम कसं करायला लागलं?"

तौनो ट्रकवरच्या चकाकत्या जॅकेटमध्येच आला होता, बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर पाणी झालं होतं. तो पलंगाच्या पायाशी उभा राहून म्हणाला, "पेट्या नव्या होत्या." आणि मग सगळं सांगितलं. नाताळ, पडवी, सौना, औषधाचं दुकान. त्या माणसानं एका दमात इतकं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मेर्वीचं तोंड उघडं राहिलं होतं. मला वाटलं, आता हिल्का त्याच्यावर पाण्याचा तांब्या फेकणार.

तिनं आवाजही चढवला नाही. म्हणाली, "गोठलं तर गोठलं. पडवीत काय, कुणाच्याही हातून राहतं. मी दोन दिवस ओरडले असते आणि मग गप्प बसले असते. तुला माहीत होतं ते."

"हो," तो म्हणाला.

"आणि आज मी मेले असते, तेही तू मुद्दाम नाही केलंस. तुला अक्कल नाही, एवढंच." त्यानं मान हलवली. त्याला वाटलं, सुटलो. हात पुढे केला, तिच्या हातावर ठेवायला.

तिनं हात पांघरुणात घेतला. "मी तुला विचारलं होतं, की मी झोपेत खाते का."

त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला.

"तुला माहीत होतं, मी खात नाही."

"माहीत होतं."

"मी स्वतःला वेडी समजायला लागले होते, तौनो. कुलूप घाल म्हटलं तर तू घातलंस."

"तू सांगितलंस म्हणून—"

"हो. मी सांगितलं," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. तो रडायला लागला. पुरुषाला असं रडताना मला बघवेना, खोटं कशाला सांगू. पण मी जागची हलले नाही. मेर्वीनं त्याला बाहेर नेलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. नव्या औषधानं हिल्काची साखर पंधरवड्यात ताळ्यावर आली. डोळ्यांना थोडी इजा झाली, लेझर करून घ्यावं लागलं, पण दिसतं तिला. कोठीचं कुलूप तौनोनं स्वतःच काढलं. दुकानातली बाई एकदा येऊन म्हणाली, मला आधीपासूनच वाटत होतं काहीतरी घोटाळा आहे. मी काय उत्तर दिलं ते इथं सांगत नाही.

लोक मला विचारतात, सोडलं का नाही गं तिनं त्याला? सोडलं नाही. एकाच घरात राहतात, एकाच पलंगावर झोपतात, रविवारी मला कॉफीला बोलावतात. तो तिच्या मागेपुढे करतो, लाकडं फोडतो, तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ ती उठायच्या आधी खरवडून ठेवतो. ती त्याच्याशी कधी वाकडं बोलत नाही. बाहेरचा कुणी म्हणेल, किती गुण्यागोविंदानं नांदतात.

गेल्याच आठवड्यात मी तिथं होते. तौनो बाहेरून आला, बूट काढता काढता म्हणाला, "उणे वीस झालंय." हिल्का "अस्सं?" म्हणाली, कॉफीचा कप ठेवून उठली, खिडकीपाशी गेली आणि काचेबाहेरच्या थर्मामीटरवर वाकून बघितलं. उणे वीसच होतं. मग येऊन बसली आणि मला म्हणाली, "घे ना गं, आणखी कॉफी." तौनो दारात एक बूट हातात घेऊन उभा होता. तो सांगेल ते ती रोज असंच स्वतः बघून घेते, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.